बुलपेनमधला भाचा

नागपूरला परतल्यापासून भेटेल तो विचारतो, "मग, नायगारा कसा वाटला?" नायगारा मी पाहिला नाही. लिबर्टीचा पुतळा पाहिला तो विमानाच्या खिडकीतून, तोही शेजारच्या बाईंनी बोट दाखवलं म्हणून. उरलेला सगळा वेळ मी मैदानाच्या एका कोपऱ्यातल्या जाळीकडे बघत घालवला. जाळीआड माझा भाचा आनंद बसलेला असायचा, आणि तो बहुतेक वेळ काहीच करत नसायचा. एवढं ऐकलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. म्हणून म्हटलं, एकदाचं सगळं लिहूनच काढावं.

मी पी.टी.ची बाई. निवृत्त होईपर्यंत गळ्यात शिट्टी होती. खो-खो आणि कबड्डीच्या जोडीला मी मुलींना सॉफ्टबॉलही शिकवला, आणि सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलची धाकटी बहीणच. त्यामुळे आनंद काय करतो हे आमच्या खानदानात फक्त मला कळतं. बाकीचे अजून विचारतात, "तो तिकडे अंपायर आहे ना?"

आनंद रिलीफ पिचर आहे. सामना सुरू करणारा पिचर वेगळा. तो दमला किंवा मार खायला लागला की मागच्यांपैकी एकाला बोलावतात. लग्नात आचारी ऐन पंगतीत आडवा झाला तर गल्लीतल्या ज्या काकूंना हाक मारतात, त्यांच्यासारखं हे काम. हाक कधी येईल सांगता येत नाही, आणि आली की कढई आधीच पेटलेली असते.

हे काम तो कॉलेज सुटल्यापासून करतो आहे. एका मोठ्या संघाने त्याला घेतलं आणि सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवलं. मग छोट्या छोट्या गावांचे संघ, बसचे प्रवास, कोपराचं ऑपरेशन, वर्षभर घरी, त्यानंतर संघाने दिलेला नारळ. कुणी बघायलाही येत नाही अशा लीगमध्ये तो एक सीझन खेळला. थंडीत लोकांच्या दारात पार्सलं टाकली. तिथून पुन्हा एका संघाने उचललं आणि चढत चढत तो वरून दुसऱ्या पायरीवर आला. तिशी उलटली, पण वरची एक पायरी काही चढता येईना. उन्हाळ्याच्या तोंडावर त्याचा फोन आला. "आत्या, धिस इज इट. या सीझननंतर मी थांबतोय. एका हायस्कूलमध्ये कोचचा जॉब घेतोय. त्याआधी एकदा येऊन बघ ना." मी दुसऱ्या दिवशी व्हिसाच्या मागे लागले.

पार्सिपनी

माझा धाकटा भाऊ मिलिंद न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत राहतो. इंजिनिअर म्हणून गेला, आता निवृत्त आहे. शीला वहिनी अजून हॉस्पिटलच्या फार्मसीत नोकरी करते. दारात मिलिंदने "जय भीम, ताई" म्हणून माझी बॅग घेतली आणि आत शिरताच तो म्हणाला, "ताई, चप्पल तिकडे, आणि ते झाकण पायानं उघडते." कचऱ्याच्या डब्याबद्दल एवढा अभिमान मी कुठे पाहिला नाही.

घर मोठं आणि शांत. शेजारी हात हलवतात, पण साखर मागायला कुणी येत नाही. वहिनीला म्हटलं तर ती हसली, "ताई, इथे साखर संपत नाही. कॉस्कोच्या घाऊक दुकानातून पोतं आणतो."

आल्या दिवशीच कळलं की मिलिंदने आपल्या मुलाला व्यावसायिक सामन्यात चेंडू टाकताना कधी नीट पाहिलेलंच नाही. पहिल्या वर्षी तो बघायला गेला आणि आनंदला चोप चोप चोपलं. मिलिंदला ते बघवेना, तो पाणी प्यायला बाहेर गेला, आणि तेवढ्यात आनंदने दोघांना बाद केलं. झालं! तेव्हापासून आनंदच्या हातात चेंडू आला की हा उठून स्टेडियमच्या मागच्या वाटेवर जातो आणि पाठ करून उभा राहतो.

"इंजिनिअर आहेस ना रे तू?" मी विचारलं.

"मी बघितलं की त्याची वाट लागते ताई. डेटा आहे माझ्याकडे."

मी त्याला फार बोलू शकले नाही. हे खूळ आमच्याच घरचं. क्रिकेटचा सामना रंगात आला की जागा बदलायची नाही, हा आमचा कायदा, आणि लहानपणी मिलिंद त्याचा फौजदार. एकदा मी मळलेली कणीक घेऊन दारात आले आणि त्याच क्षणी चौकार गेला, तर त्याने मला अर्धा डाव त्या उंबऱ्यात उभं ठेवलं होतं. मी पण उभी राहिले.

डिमॉइन

आनंदचा संघ आयोवा राज्यातल्या डिमॉइनचा. वहिनीला रजा नव्हती, म्हणून मिलिंद आणि मी दोघंच विमानाने गेलो. आयोवा म्हणजे मका. नजर जाईल तिथवर मका, आणि शेतात माणूस औषधालाही नाही. आमच्याकडे कपाशीच्या रानात कुणी ना कुणी वाकलेलं दिसतं. इथे मी रस्ताभर एक माणूस शोधत होते, तो शेवटी पेट्रोल पंपावर सापडला. मक्याची कणसं मात्र अशी गोड की मीठ-लिंबू लावायचं मनातही येत नाही. लोणी चोपडून देतात, ते कोपरापर्यंत ओघळतं.

स्टेडियम छोटं, नदीकाठी. कुंपणापलीकडे राज्याच्या विधानभवनाचा सोनेरी घुमट चमकतो. लोक मुलंबाळं घेऊन जत्रेला आल्यासारखे येतात, गप्पा मारतात, खातात आणि मधून मधून सामनाही बघतात. मला सगळ्यात आवडली ती सातव्या डावातली प्रथा. खेळ थांबवून सगळं स्टेडियम उठतं, हातपाय ताणतं, गाणं म्हणतं आणि परत बसतं. जन्मभर मुख्याध्यापकांना मी हेच सांगत होते की तासन् तास बसवू नका, मधे एकदा उठवा. इथे अख्खा देश ऐकतो.

बुलपेन म्हणजे राखीव पिचरांची बसायची जागा. डिमॉइनला ती प्रेक्षकांच्या अगदी शेजारी, जाळीला लागून. सात-आठ दांडगे पुरुष बाकावर ओळीने बसतात, सूर्यफुलाच्या बिया चघळतात आणि टरफलं थुंकतात. भिंतीला फोन. तो वाजला की सगळ्यांचे जबडे थांबतात. ज्याचं नाव येईल तो उठून चेंडू टाकत अंग गरम करतो. कधी तो मैदानात जातो, कधी बेत बदलतो आणि तो परत बियांकडे वळतो. आनंद त्या दिवशी दोनदा उठला आणि दोनदा परत बसला. मला जाळीतून बघून म्हणाला, "आत्या, बोअर होतंय?"

"तुला होतं का सांग," मी म्हटलं.

"हाच जॉब आहे. वेट करायचं, पण झोपायचं नाही."

दुसऱ्या दिवशी मी घोळ घातला. बिया चघळण्यापेक्षा काही चवीचं खावं म्हणून नागपूरहून नेलेल्या सांडग्या मिरच्या मोटेलच्या मायक्रोवेव्हमध्ये कशाबशा भाजल्या आणि डबा जाळीवरून आत दिला. टेक्सासचा एक धिप्पाड पिचर होता. आनंद "हळू, हळू" म्हणेपर्यंत त्याने "आमच्याकडे मिरची नाश्त्याला खातात" असं काहीतरी म्हणत अख्खी तोंडात टाकली. आणि फोन वाजला. नाव त्याचंच. तो डोळे पुसत, नाक ओढत मैदानात गेला. मी मनात म्हटलं, आता पोलिस येतात. पण त्याने डोळ्यांतून धारा लागलेल्या असताना तिघांना लागोपाठ स्ट्राइकआउट केलं, एकाच्याही बॅटला चेंडू नीट लागू दिला नाही! परत येऊन त्याने जाळीपाशी हात पुढे केला आणि उद्यासाठी मिरची मागितली. तेव्हापासून रोज एक. म्हणजे खूळ एकट्या आमच्या घरचं नाही, हे कळून मला बरं वाटलं.

त्याच सामन्यात आनंदलाही बोलावलं. मी पहिल्यांदा त्याला समोरासमोर चेंडू टाकताना पाहिलं. डावा पाय छातीपर्यंत उचलून तो क्षणभर थांबतो आणि मग सगळं अंग एकदम सोडतो. सरळ येणारा चेंडू फलंदाजापाशी येऊन असा खाली बुडतो की बॅट वरून हवा कापत जाते. एवढ्या वर्षांत मैदानावर पुष्कळ अंगं पाहिली मी. हे अंग शिकलेलं होतं. मी शेजारी वळून म्हटलं, "पाहिलंस?" शेजारची खुर्ची रिकामी होती. मिलिंद मागे पॉपकॉर्नच्या दुकानापाशी, पाठ करून.

आनंदने तिघांनाही बाद केलं, आणि तिघं बाद झाले की डाव संपतो. मिलिंद परत आला आणि म्हणाला, "बघ, मी सांगितलं होतं ना?" मला त्याचा राग आला आणि त्याच्या तोंडाकडे बघून तो गेलाही.

वॉफलची सकाळ

मोटेलमध्ये सकाळी ज्याने त्याने आपलं वॉफल, म्हणजे चौकड्यांचं गोड धिरडं, करून घ्यायचं. यंत्रात पीठ ओतायचं, झाकण लावायचं, उलटं फिरवायचं. मिलिंद पीठ ओतत असताना त्याचा फोन वाजला. त्याने एका हाताने फोन कानाला लावला आणि दुसऱ्या हाताने ओततच राहिला. पीठ यंत्राबाहेर आलं, ओट्यावरून खाली, त्याच्या बुटावर. यंत्र टीं टीं करायला लागलं. मला वाटलं घरी कुणाला काही झालं. मी धावले.

"ताई," तो म्हणाला, "त्याला वर घेतलं."

डिमॉइनचा संघ ज्याच्या हाताखाली, त्या शिकागोच्या मोठ्या संघातला एक पिचर जखमी झाला होता. तो बरा होईपर्यंत आनंदला बोलावलं होतं, थेट वरच्या पायरीवर. मिलिंद मटकन खुर्चीत बसला आणि रडायला लागला. मी पण रडले. मोटेलची बाई फडकं घेऊन आली, तिला वाटलं आम्ही सांडलेल्या पिठासाठी रडतो आहोत. "इट्स ओके, हनी," म्हणून तिने माझी पाठ थोपटली.

आनंद विमानाने पुढे गेला. आम्ही भाड्याच्या गाडीने निघालो. वाटेत मिसिसिपी लागली. एवढ्या नावाची नदी, पण मिलिंद गाडी थांबवेना. "पुलावर थांबता येत नाही, ताई." मी काच खाली करून पाहून घेतली. रुंद, मातकट, संथ नदी. तिचं तिचं चाललं होतं, आमचं आमचं.

पलीकडे गेल्यावर मिलिंदने मनातली भीती बोलून दाखवली. नुसतं वर बोलावून भागत नाही. सामन्यात एक तरी चेंडू टाकावा लागतो, नाहीतर तो मोठ्या लीगमध्ये खेळला असं धरत नाहीत. असे पुष्कळ असतात. बोलावणं येतं, नवा गणवेश मिळतो, दोन-चार दिवस बाकावर बसतात आणि जखमी माणूस बरा झाला की परत खाली. "फक्त एक बॉल टाकू दे त्याला," मिलिंद रस्त्याकडे बघत म्हणाला. "मग आयुष्यभर कुणी ते काढून घेऊ शकत नाही."

शिकागो

पहिला सामना गेला. दुसरा गेला. आनंदला कुणी उठवलंही नाही. इथे बुलपेन आमच्यापासून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, त्यामुळे जाळीआडचा त्याचा चेहराही दिसेना. शीला वहिनी मिळेल त्या विमानाने येऊन दाखल झाली.

रविवारी दुपारचा सामना होता. सकाळी नाश्त्यापुरता आनंद आमच्याबरोबर डेव्हन ॲव्हेन्यूला आला. या रस्त्यावर साड्या, मिठाया आणि मसाल्यांची दुकानं एकाला एक लागून आहेत, आणि गाडी लावायला जागा मिळत नाही, त्यामुळे मला एकदम घरी आल्यासारखं झालं. पुरी-भाजी समोर होती, पण आनंद पुरीचे नुसते तुकडे करत होता. मिलिंद पैसे द्यायला गेला तसा तो माझ्याकडे वाकून म्हणाला, "आत्या, तो पिचर उद्या परत येतोय. मला उद्या खाली पाठवणार."

मी हातातली पुरी परत ताटात ठेवली.

"आज चान्स मिळाला तर बाबांना बसव. प्लीज. आईचं ते ऐकत नाहीत. त्यांनी एकदा तरी मला टाकताना बघावं. वाईट गेलं तरी चालेल, रियली."

"वाईट गेलं तर तुझा बाप मला जन्मभर बोलेल," मी म्हटलं.

"आय नो. तरी बसव."

स्टेडियमवर मी ठरवून रांगेच्या टोकाची खुर्ची घेतली. मिलिंद माझ्या आत, वहिनी त्याच्या पलीकडे.

सामना बरोबरीत गेला. बरोबरी इथे चालत नाही, निकाल लागेपर्यंत जादा डाव खेळतात. जादा डावांत आणखी एक गंमत करतात, फलंदाजी करणाऱ्यांचा एक गडी आधीच दुसऱ्या बेसवर उभा करतात, तीन बेस गाठून घरी परतलं की एक धाव, म्हणजे अर्धी धाव त्यांच्या खिशात. एकेक राखीव पिचर येत गेला. बेसबॉलमध्ये एकदा बाहेर गेलेला खेळाडू परत येत नाही. आणखी एक डाव बरोबरीत संपला, आणि वहिनी हळूच म्हणाली, "अहो, आता आतमध्ये फक्त आपलाच उरलाय."

मिलिंद ताडकन उठला. "ताई, सरक."

"नाही."

"काय करून राहिली ताई, सरक नं! तो येऊन राहिला!"

मी दोन्ही पाय पुढच्या खुर्चीला टेकवले आणि शाळेतला आवाज काढला. "मिलिंद! खाली बस!"

मिलिंद बसला. आमच्या पुढे उभा असलेला एक गोरा गृहस्थही पटकन बसला. वहिनीने नवऱ्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. "त्यानेच सांगितलंय," मी म्हटलं. "वाईट गेलं तरी तू बघायचं, असं त्याने सांगितलंय."  मिलिंदने डोळे मिटून घेतले.

मैदानाच्या टोकाचं दार उघडलं आणि आनंद धावत आला. समोरच्या प्रचंड फलकावर त्याचा चेहरा आणि खाली अक्षरं: मेश्राम. ज्या आडनावावरून नागपूरच्या शाळेत माझ्या भावाला मागच्या बाकावर बसवत होते, ते आडनाव भरलेलं स्टेडियम मान वर करून वाचत होतं. निवेदकाने उच्चाराची पार वाट लावली. मला त्याचं काही वाटलं नाही.  मी मिलिंदच्या कानाशी म्हटलं, "डोळे उघड." त्याने उघडले.

पहिला चेंडू टाकला. झालं, आता कुणी ते काढून घेऊ शकत नव्हतं. पण आनंदचं तेवढ्यावर भागणार नव्हतं.

पहिल्या फलंदाजाने चेंडू जमिनीवरून मारला. तो बाद झाला, पण बेसवरचा गडी तिसऱ्या बेसवर पोचला. आता तो घरी पोचला की धाव. दुसऱ्या फलंदाजाला आनंदचे चेंडू लांब लांब जायला लागले. चार बाहेर गेले की फलंदाजाला फुकटात पहिला बेस. चौथाही बाहेर गेला. "माझ्यामुळे," मिलिंद पुटपुटला. "मी बघून राहिलो ना, माझ्यामुळे."  खोटं कशाला सांगू, त्याला वाट द्यायला माझेही पाय सरकायला लागले होते.

आनंद मागे वळला, टोपी काढली, कपाळ पुसलं आणि टोपी परत घातली. तिसऱ्या फलंदाजाला त्याने तो बुडणारा चेंडू टाकला. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा बॅट इतक्या जोरात फिरली की फलंदाजच भोवंडला. स्ट्राइकआउट! मिलिंदच्या तोंडून बारीक आवाज निघाला.

आता त्यांचा सगळ्यात जबर फलंदाज आला. आनंदने पाय उचलला, थांबला, सोडला. टण्णकन आवाज झाला आणि चेंडू सरळ आनंदच्याच अंगावर आला. त्याने हातमोजा आडवा घातला. चेंडू त्यात बसला, निसटला, पायाशी पडला. फलंदाज पहिल्या बेसकडे सुटला. आनंदने चेंडू उचलला आणि घाईघाईत फेकून घालवण्याऐवजी स्वतःच पहिल्या बेसकडे धावत सुटला. कोपराचं ऑपरेशन झालेला, तिशी उलटलेला माझा भाचा खो-खोच्या पोरीसारखा पळाला. शेवटच्या क्षणी त्याने खालून अलगद चेंडू साथीदाराच्या हातात दिला. बाद! एकही धाव नाही!

सगळं स्टेडियम उठलं. मिलिंद मात्र खुर्चीचे दोन्ही हात धरून बसून राहिला. "आता उठणार नाही मी," तो म्हणाला. "बसलो म्हणून झालं. आपली बॅटिंग होईपर्यंत कुणी उठायचं नाही." पुन्हा फौजदार झाला होता. वहिनी आणि मी निमूट बसलो. आमच्या संघाच्या दुसऱ्याच फलंदाजाने चेंडू दूर मारला, बेसवरचा गडी धावत घरी आला आणि सामना जिंकला. आम्हा तिघांना त्यातलं काही दिसलं नाही, समोर नुसत्या पाठी होत्या. बेसबॉलमध्ये विजय संघाचा असतोच, शिवाय तो एका पिचरच्या नावावरही धरतात. तो आनंद मेश्रामच्या नावावर लागला.

खेळाडूंच्या दारापाशी आम्ही थांबलो. ऊन अजून कलायचं होतं. आनंद बाहेर आला तो ओळखू येईना. पहिल्या विजयानंतर नव्या खेळाडूला न्हाऊ घालायची त्यांची रीत आहे, तीही मिळेल त्या पदार्थाने. आंघोळ करूनही केसांत मोहरीचं पिवळं मस्टर्ड होतं, कानामागे केचप. आम्ही हळद लावतो, त्यात आणि यात मला फार फरक वाटला नाही. त्याने आईला उचललं, मला वाकून नमस्कार केला आणि बापासमोर उभा राहिला. मिलिंदने त्याला इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टासकट मिठी मारली.

"बाबा, शर्ट!"

"असू दे."

मग आनंदने विचारलं, "बाबा, कसा टाकला मी?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्याने बापाला विचारला नव्हता, कारण बापाकडे उत्तर नसायचं. मिलिंदने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पहिला बॉल थोडा आत आला," तो म्हणाला. "पण त्याने सोडला. दुसरा तू बाहेर ठेवलास..." आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवून तो चालायला लागला. चेंडूमागून चेंडू सांगत होता, हाताने वळण दाखवत होता. चार बाहेर गेले तेही त्याने सोडले नाहीत. आनंद मान खाली घालून ऐकत होता आणि मधूनच म्हणत होता, "हो, आणि मग?" आमची गाडी मागे राहिली. वहिनीने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि आम्ही त्या दोघांच्या मागे चालत राहिलो.